पाठीतल्या दोन कोया

...अन् लोकं मलेच झोपाळू म्हनतात! आता तुमीच सांगा बाप्पा, झोप भेटली असती त मानूस दिवसा झोपला असता काय? मेहकरच्या बाजारात वांगे तोलता तोलता डोळा लागला, तराजू हातात तसाच, गिऱ्हाईक म्हनते, 'ओ उत्तमराव, माल द्या, मंग झोपा!' न्हाव्यापुढं बसलो, वस्तारा गळ्यावर, अन् मी घुर्रर्र... न्हावीच घाबरून उठला! रातभर आडवा असतो हो मी, पन झोप कुठं हाय!

शेवटी सत्यभामा, आमची घरवाली, मले ओढतच डाक्टरपाशी घेऊन गेली. तिथं रडलीच. 'घोरतात त घोरू द्या, पन मधातच गप होतात हो, श्वासच नाई! मी मोजत बसते, धा... बारा... मंग हलवते. पाच वर्सं माह्या डोळ्याले डोळा नाई.' डाक्टर म्हने, 'यांचा गळा झोपेत आतून मिटतो. रात्रीतून शंभरदा अर्धवट जागे होतात, यांना पत्ताच नसतो. असंच चाललं तर हृदयावर ताण येईल. वजन उतरवा आणि उताणं झोपू नका.'

पन झोपेत कोनाले कळते, उताना हाय का पालथा? बाईनं आंब्याच्या दोन वाळक्या कोया चिंधीत बांधून माह्या बंडीच्या पाठीतच शिवल्या! उताना झालो का टोचल्याच. आडवा असतो, पन झोप कुठं हाय!

अन् त्यातच कोकिळाले, आमच्या पोरीले, पाह्याले साखरखेर्ड्याहून पाहुने आले, ते बी सांगितल्या वेळेच्या दोन तास अगोदर! मी दुपारचा ओट्यावर, त्याच बंडीत. धडपडत उठलो, वाकून रामराम केला, त पोराचा बाप हिंमतराव माह्या पाठीकडं पाहूनच राह्यला. 'कुबड जन्माचं हाय काय?' आता काय सांगावं? हो म्हनावं त पोरीले बी कुबड निंघन म्हनतीन, खरं सांगावं त घरात रोग हाय म्हनतीन! पोरगी कपबश्या घेऊन दारातच उभी, तिची माय मले डोळ्यानं खुनावून राह्यली, अन् मी... मी बसल्या बसल्या झोपलो!

पुढचं मले कोकिळानं सांगितलं. मी घोरलो, मधातच गप झालो, अन् पोराची माय, अन्नपूर्णाबाई, ताडकन उठली. 'अवं माय, थांबला! हलवा त्याहिले!' मंग बंडी चाचपून सत्यभामाले हळूच म्हनते, 'हे कसं शिवलं व ताई? आमचे बी असेच बंद पडतात.' हिंमतरावानं मान खाली घातली. लगीन ठरलं! व्याह्याच्या आहेरात बंडी, कोया शिवून.

अन् कोयांनी माहं घोरनं थांबलं बरं का. आता सत्यभामा पाच वर्सांची झोप काढून राह्यली... अन् काय घोरते, बाप्पा बाप्पा! तिले हलवू कसा? मले सांगा, कोन्या तोंडानं हलवू? कुशीवर पडून ऐकतो. रातभर आडवा असतो हो मी, पन झोप कुठं हाय!