ड्यूटीवरचा माणूस

सेलू स्टेशनच्या बाकड्यावर माझ्या शेजारी दोघं मुंबईहून येणाऱ्या गाडीची वाट बघत बसली होती.

“दत्तराव दादा, सिद्धोधन सुट्टीवर यायलाय का?”

“सुट्टी न्हाई, पंचफुलाबाई. जहाजावरचं लायसन काढून घेतलं पोराचं.”

“अगं माय! काय झालं?”

“धुक्यात त्याच्या जहाजानं होडी उडवली. मासे धरणारा एक माणूस गेला.”

“पर जहाज मशीनच चालवतंय म्हणत होता की.”

“मशीनच चालवीत होतं. रस्ता मोकळा हाय म्हणलं. ह्याला होडी दिसली होती.”

“मग वळवायचं की!”

“मशीन सांगंल म्हणून जरासा थांबला.”

“मग गुन्हा मशीनचा हाय.”

“वकील म्हणला, कायद्यात मशीनला सजा न्हाई. ड्यूटीवर माणूस होता, जिम्मेदारी त्याची.”

“पर असा कसा थांबला ओ? हरभऱ्यात हरणं शिरली की सगळ्याच्या आधी त्यालाच दिसायची. दिसली की पळत सुटायचा.”

“मागं एकदा मशीनचं न ऐकता त्यानं जहाज वळवलं, तर कंपनीनं लय झापलं. तवा मला फोन केला. मी म्हणलं, बाबा, तुझ्यापेक्षा मशीन हुशार हाय, तू मधी पडू नको.”

“तुमी चांगल्यासाठीच म्हणलात.”

“चौकशीत साहेबानं विचारलं त्याला, मधी पडू नको म्हणून कुणी सांगितलं होतं का?”

“मग?”

“कुणीच न्हाई म्हणला.”

“...गाडी आली दादा. उठा.”

“तुमीच व्हा म्होरं, पंचफुलाबाई.”