दंडावरचा कापूस

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी भाऊ-बहीण बसले होते. वडील आत ऑक्सिजनवर, आणि फॉर्म बहिणीच्या मांडीवर.

"दादा, बाबांनी लस घेतली होती?"

"आईबरोबरच. मीच नेलं होतं दोघांना."

"घेताना पाहिलंस?"

"मी गाडी लावत होतो. दोघंही दंडावर कापूस धरून बाहेर आले."

"ताप दोघांना एकाच दिवशी आला. आई चार दिवस खोकली, आज कपडे वाळत घालतेय."

"मग?"

"लस घेतली तरी आजार होतो, पण सहसा इतका वाढत नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून मी आईला फोन केला."

"काय म्हणाली?"

"बाबा सुई बघूनच उठले. कापूस तिनेच लावून दिला त्यांना."

"जन्मभर आगी विझवणारा माणूस सुईला घाबरला?"

"तुलाही घाबरले. तू ओरडशील म्हणून कापूस."

बहिणीने लसीच्या रकान्यावर पेन टेकवलं.

"इथे काय लिहू?"

"'नाही' लिही."

"आई विचारतेय, तिचा पुढचा डोस आता बाबांना देतील का."