संडासाच्या दारातली खुर्ची

पाणी म्हणजे माणसाची इज्जत, असं आमचे बाबा म्हणायचे, आणि असं म्हणायचे की समोरच्याने मिनिटभर गप्प बसावं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. बाबा मोरिवलीत आमच्या वस्तीच्या संडासाच्या रांगेत उभे होते, हातात वनस्पती तुपाचा डबा, त्याला तारेची कडी, डबा काठोकाठ भरलेला, आणि आतला माणूस काही बाहेर यायला तयार नव्हता.

तर मी मोरिवलीची. अंबरनाथची. आता एमआयडीसी म्हणतात, पण आमच्या लहानपणी गाव इकडे आणि कंपन्या तिकडे, मध्ये नुसता एक नाला, नाल्याला रोज वेगळा रंग. आमची वस्ती गावाच्या कडेला, सगळी बौद्ध घरं. आमच्या आजोबांनी धर्म घेतला, त्याच्या आधी काय काम करायचे ते घरात कोणी बोलायचं नाही. बाबा बोलायचे, पण एकच गोष्ट. तरुणपणी ते एका ठिकाणी नोकरीला गेले, सातवी पास, दाखला खिशात, तर मुकादमाने दाखला उघडलाच नाही, आडनाव विचारलं आणि कोपऱ्यातला खराटा पुढे केला. बाबा उलट्या पावली परत आले आणि मग जन्मभर केमिकलच्या गोदामात पोती उचलली, खोकला लावून घेतला, पण खराटा नाही. आमच्या घरात कोणी दुसऱ्याच्या संडासाशी बसणार नाही, असा त्यांचा कायदा. आम्हाला तो पाढ्यांच्या आधी पाठ झाला.

मी दहावी झाले आणि कागदाच्या कंपनीत पॅकिंगला लागले. कागद म्हणजे वहीचा नाही. काय सांगू तुम्हाला, पहिले पंधरा दिवस आम्हा बायांना कळलंच नाही की हा कशाचा कागद. मऊ, पांढरा, मध्ये मध्ये भोकांची रेघ, ओढला की चौकोन फाटून हातात येतो. मोठं भेंडोळं यायचं, मशीनवर त्याचे लहान रोल व्हायचे, आम्ही ते वेष्टनात बांधायचो, आणि हवेत एवढी कागदाची धूळ की संध्याकाळी सुटी झाली की गेटमधून विशीतल्या चाळीस म्हाताऱ्या बाहेर पडायच्या, सगळ्यांचे केस पांढरे.

माझ्या शेजारी हौसा बसायची. मोरिवलीचीच, आगऱ्यांची, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, तोंडाने फटकळ. तिला मशीनवाल्याने सांगितलं की हा हॉटेलात संडासात वापरतात, तर ती हातातलं काम टाकून बसली. काय गो शालन, म्हणाली, म्हंजे ते लोक धुवत नाय? नुसतं पुसतान? मी म्हटलं, असं म्हणतात. मग नंतर हात धुतात का? म्हटलं, हात धुतात, साबण लावून धुतात. हौसाने बराच विचार केला. म्हणाली, म्हंजे हात घाण आन बाकीचा माणूस साफ.

आम्ही तो वापरायचा प्रश्नच नव्हता. कंपनीत बायांसाठी चार संडास, भारतीय पद्धतीचे, बाहेर पाण्याचं पिंप, नळ, दोन टमरेलं. रोज हजारो रोल बांधायचे आणि टमरेल घेऊन आत जायचं, यात आम्हाला काही वावगं वाटत नव्हतं. मिठाईवाला तरी रोज बर्फी कुठे खातो.

आमचे मॅनेजर टाय लावायचे. मे महिन्यात, अंबरनाथमध्ये, पत्र्याच्या शेडखाली टाय. आम्ही त्यांना टायसाहेबच म्हणायचो. आमच्याशी ते हिंदीत बोलायचे, फार रागावले की इंग्रजीत. तर मुंबईच्या कुठल्या मोठ्या हॉटेलचे लोक कंपनी बघायला आले, बरोबर एक गोरा, आणि त्या गोऱ्याने सहज विचारलं की तुमचे कामगार हा वापरतात का? टायसाहेब म्हणाले, येस सर, हंड्रेड पर्सेंट. गोरा खूश झाला, म्हणाला, पुढच्या वेळी मला दाखवा.

आता खोटं बोलून झालेलं, ते खरं करायची जबाबदारी आमची. दुसऱ्या दिवशी पिंप गेलं. नळ काढून तिथे लाकडाची खुंटी ठोकली. टमरेलं स्टोअरमध्ये जमा. भिंतीवर पेंटर येऊन निळ्या अक्षरांत इंग्रजी बोर्ड लिहून गेला, आम्ही जे बनवतो तेच वापरतो, असा त्याचा अर्थ. आणि मला ऑफिसात बोलावलं. बायांमध्ये दहावी पास मी एकटी. टायसाहेब म्हणाले, तुमको हायजीन सुपरवायझर बनाया है. मला बिल्ला दिला. खुर्ची दिली, लोखंडी, घडीची. खुर्ची संडासाच्या दारात. काम काय, तर आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला चार चौकोन फाडून द्यायचे आणि कोणी पाणी आत नेत असेल तर काढून घ्यायचं. हॉटेलची ऑर्डर आली की परमनंटचं लेटर, असं बोलले. मी चार वर्षं बदली कामगार होते, कायम नाही, बाबांचं गोदाम सुटलेलं, धाकटा भाऊ उल्हासनगरला कॉलेजात, घरात कमावणारी मी एकटी. मी बिल्ला लावला.

घरी सांगितलं, सुपरवायझर झाले. बाबा उठून उभे राहिले. खुर्ची आहे का, म्हणाले. म्हटलं, आहे. लाकडी की लोखंडी? म्हटलं, लोखंडी. रविवारी विहारात वंदना झाल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितलं की आमच्या घरातली खुर्चीवर बसणारी ही पहिली, आणि पेढे वाटले. मी एक पेढा घेतला. खुर्ची कुठे ठेवलीय ते कोणी विचारलं नाही.

तो कागद मी स्वतः एकदाच वापरला. त्याबद्दल जास्त सांगत नाही. घरी गेले ती चप्पल न काढता मोरीत गेले. त्यानंतर मी कामावर पाणी प्यायचंच सोडलं, सकाळी घरून निघताना घोटभर, मग थेट संध्याकाळी. निम्म्या बाया तेच करायला लागल्या. चार महिन्यांत मला एवढी जळजळ सुरू झाली की उल्हासनगरला कॅम्प तीनच्या डॉक्टरकडे गेले, डॉक्टर म्हणाले, पाणी भरपूर पी. मी हसले. त्यांना वाटलं तापात आहे.

पण सगळ्या काही ऐकणाऱ्या नव्हत्या. एकदा हौसा माझ्यासमोर आली, गाल फुगलेले. मी म्हटलं, काय झालं, दाढ दुखते का? ती मानेनेच हो म्हणाली, चार चौकोन घेतले आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी परत गाल फुगलेले. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम विचारलं, हौसा, मुलगा कितवीत आहे गं? ती बोटं दाखवायला लागली. मग मला हसू आवरेना, तिलाही आवरेना, आणि सगळं पाणी माझ्या बिल्ल्यावर. कॅन्टीनच्या नळावरून तोंड भरून आणायची, आत जाऊन कागद भिजवायची. म्हणाली, भिजवला का त्याचा लगदा होतं, मेला पापडाचे पिठासारका बोटाला चिकटतं.

मग बाटल्या आल्या. कॅम्प तीनच्या बाजारात एका सिंधी दुकानदाराकडे प्लॅस्टिकची चपटी बाटली मिळायची, डब्याच्या पिशवीत पोळीच्या खाली आडवी मावायची. हौसाने एक आणली, मग सगळ्यांनी आणल्या. दुकानदार तिला म्हणाला म्हणे, क्या बात है, मोरिवली की औरतें इतनी दारू पीती हैं? मला महिनाभर कळलं नाही, कळलं तरी मी बघितलं नाही. पण एक दिवस टायसाहेब स्वतः राऊंडला आले, नेमकी हौसाच्या पिशवीतून बाटली गळत होती, आणि त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी हात पुढे केला आणि बाटली काढून घेतली. त्या दिवशी त्यांनी मला अकरा बाटल्या काढून घ्यायला लावल्या. माझ्या खुर्चीमागच्या कपाटात ठेवल्या, चावी माझ्याकडे.

संध्याकाळी मी घरी भाकरी थापत होते आणि हौसा दारात. आत आली नाही, उंबऱ्याशी उभी राहून बाबांनाच म्हणाली, काका, तुमची पोर सांडासाचे दारान बसतं आन आमचा पानी हिसकतं, ही कसली सुपरवायझरी? सगळी वस्ती ऐकत होती. बाबा उठले, माठातून तांब्या भरला आणि हौसापुढे केला. हौसाच्या सासूने आमच्या घरचं पाणी कधी घेतलं नसतं. हौसाने घेतलं आणि गटागट प्यायली, भांडून घसा सुकला होता. तांब्या ठेवला आणि गेली.

मला वाटलं बाबा आता संडासाचं काढतील, खराट्याचं काढतील. मी तयारीच केली होती, की रडायचं आणि सांगायचं की मी झाडत नाही, नुसती बसते. पण ते बोलले ते वेगळंच. म्हणाले, दारात बसतेस ते मी गिळीन. पण आपल्या लोकांना पाणी अडवलं होतं ते तळ्यावर, उजेडात, सगळ्यांच्या समोर. तू माणसाला संडासाच्या दारात पाणी अडवतेस. हे आपल्यात कोणी शिकवलं?

मी म्हटलं, नोकरी सोडू? बाबा भावाच्या पुस्तकांकडे बघत बसले. म्हणाले, सोड असं मी म्हणू शकत नाही, आणि बस असंही म्हणू शकत नाही. मग भाकरी करपली, तीच खाल्ली. पुढे खूप वर्षं मी विचार केला की त्या रात्री त्यांनी एक काहीतरी सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी बसले. काय करणार. पण अकराच्या अकरा बाटल्या कॅन्टीनमधून भरून आणल्या आणि कपाटात ठेवल्या. बाई आली की वर चार चौकोन, खाली चपटी बाटली, पदराआड. येताना बाटली परत. लांबून बघणाऱ्याला कागदच दिसायचा. हौसा पहिल्या दिवशी माझ्याशी बोलली नाही, बाटली घेतली फक्त. तिसऱ्या दिवशी म्हणाली, गरम पानी नाय का ठेवत?

मग तो गोरा आला. टायसाहेबांनी नवीन टाय लावला होता. जेवण हॉटेलातून आलं होतं, तूप सुटलेलं. गोऱ्याने बोर्ड वाचला, फोटो काढला, मला इंग्रजीत काहीतरी विचारलं, मी येस सर म्हटलं. आत कोणी गेलं नाही. सगळे गोदामाकडे वळले आणि दहा मिनिटांत टायसाहेब एकटे परत आले, जवळजवळ धावत. ऑफिसचा संडास गोऱ्याने धरला होता. ते माझ्याकडे न बघता समोरून एक रोल उचलून आत गेले, बायांच्या, आणि कडी लावली.

बराच वेळ झाला. मग आतून आवाज, अरे सुनो. मी म्हटलं, सर, कागद संपला का? म्हणाले, कागज है. मी गप्प. ते गप्प. मी म्हटलं, मग काय पाहिजे सर? खोटं कशाला बोलू, मला माहीत होतं काय पाहिजे. अकरा बाटल्या माझ्या हाताशी होत्या, भरलेल्या. गोरा एव्हाना बाहेर आला होता, लांबून त्याच्या हसण्याचा आवाज येत होता. आणि मग आतून हळूच आलं, पाणी. मराठीत. पाच वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदा मराठीत बोलले.

मला बाबांचा आवाज आठवला, नाहीतर मी अजून थोडं थांबले असते. दाराच्या खाली फट होती, चार बोटांची. टमरेल गेलं नसतं. हौसाची चपटी बाटली बरोबर गेली.

ऑर्डर आली. एकाच दिवशी मला दोन पाकिटं मिळाली. एकात परमनंटचं लेटर. दुसऱ्यात मेमो, की मनाई असलेल्या जागेत पाण्याचा साठा सापडला, खुलासा करावा. खुलासा मी केला नाही, त्यांनीही परत मागितला नाही, आणि बाटल्यांकडे पुन्हा कोणी बघितलं नाही. टायसाहेब त्या बाजूला परत आलेच नाहीत. पण लेटरमध्ये पद लिहिलं होतं हायजीन सुपरवायझर, आणि परमनंट म्हणजे परमनंट. पॅकिंगला परत घ्या म्हणून तीन अर्ज केले, त्या पदाला पॅकिंगमध्ये जागा नाही असं उत्तर आलं. कंपनी बंद पडेपर्यंत, म्हणजे नव्वदचं दशक संपत आलं तोवर, मी त्याच दारात, त्याच खुर्चीवर. लग्नाच्या वेळी पत्रिकेत सुपरवायझर छापलं. नवऱ्याला लग्नानंतर सांगितलं, तो म्हणाला, खुर्ची तरी आहे, मी दिवसभर उभा असतो.

बाबा खुर्चीबद्दल पुन्हा कोणाशी बोलले नाहीत. शेवटी अंथरुणावर होते, तेव्हा मी कंपनीतला सगळ्यात मऊ रोल आणला, म्हटलं, त्रास होणार नाही. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मग मी पाणी कोमट केलं, जुन्या लुगड्याचं फडकं भिजवलं आणि त्यांना साफ केलं, रोज, सव्वा महिना. त्यांचा कायदा होता की दुसऱ्याच्या घाणीत हात घालायचा नाही. म्हणाले, बापाचं चालतं.

आता आम्ही बदलापूरला, शिरगावला. भावाचं चांगलं चाललंय, हौसा अजून फोन करते, नातवाला बाटलीची गोष्ट सांगते आणि मला त्यात खलनायक करते. इथे सगळं आहे, कमोड आहे, भिंतीला तो फवारा आहे, बटण दाबलं की झालं, बाबांना दाखवायला हवा होता. तुमचं भलं होवो, एवढ्या लांब आलात, दोन तास ऐकलंत. स्टेशनला जायच्या आधी जाऊन यायचं असेल तर या. फवाऱ्याला पाणी नाही, आमच्याकडे एक दिवसाआड येतं. आत डबा भरून ठेवलाय.