वर्दी कुणाची

पलटणीने अधिकृतपणे कळवले होते की जवान कुंदन कोळी यांचा देह दरडीखाली सापडला नाही. ढिगाऱ्यात मिळालेला गणवेश मात्र निःसंशय त्यांचाच आहे. पनवेल स्थानकात उरणच्या बसची वाट पाहत त्याची आई ठमाबाई, मांडीवर तो शर्ट पसरून, हे 'निःसंशय' उसवत बसली होती. समोर कुंदनचा सोबती निकम उभा होता. इतिहास शिकवणाऱ्या दामलेबाई शेजारच्या बाकावर ऐकत होत्या. सरकारला हा शब्द केव्हा लागतो, हे त्यांना पाठ होते.

"कॉलर बग. माज्या पोराची मान एवडी जाडी होती?"

"आई, फौजेत माणूस भरतो."

"आन् हात? फौजेत हातपन वाडतात?"

"मापात होतं थोडं इकडंतिकडं."

"वर्दी त्याची नाय. मंग मेला तोपन माजा नसंल. बोल ना पोरा, जिता हाय ना कुंदन?"

"आई, तुम्ही या वर्दीपुढं ताट ठेवता?"

"तुला कुनी सांगितलां? दर अवसेला वाडते. जिता असो नाय तर मेलेला, भूक तर लागतच असंल."

निकम खाली बसला.

"त्याचं कायबी सापडलं नाही, आई. साहेब म्हणाले, रिकाम्या हातानं जाऊ नका. म्हणून मी माझीच वर्दी धुतली आन् त्याच्या नावाची पट्टी लावली. मी माळकरी माणूस, जन्मात मासळी खाल्ली नाही. पण दर अवसेला न जेवताच माझं पोट भरतं, आन् तोंडाला सुक्या बोंबलाची चव येते."