मी हात काढून घेतला

माह्य नाव गिरजा. भातकुलीकडचं गाव आमचं, माय-बाप दोघंई वेचनीले, निंदनीले जायचे. आमी बौद्ध दीक्षा घेतली त्या साली माहा नवरा नुकताच गेलेला, तं बाप म्हने आता वावरात नाई जाचं, चौथी शिकलेली हायेस तू, अन् मले अमरावतीले एका दवाखान्यात आया म्हून लावून देल्लं. दवाखान्याचं नाव राहू द्या. भांडे धुयाचे, चादरी बदलाच्या, पडली-झडली बाई उचलाची. काय सांगू तुमाले, सिस्टर एक अन् वार्डात तीस बाया, म्हून अर्धी सिस्टर आमीच.

मंग नागपूरहून एक नवे डाक्टर आले, वयानं कोवये. त्याईनं आमाले सगळ्याइले, आया, वार्डबॉय, सिस्टर, व्हरांड्यात बसवलं. म्हने मानूस थंड पडला, नाडी लागत नाई, तं लगेच चादर नका ओढू. छाती दाबा, रगत फिरते, तोंडाले तोंड लावून श्वास द्या. पहिले आमी मानूस पालथा पाडून पाठ दाबो, ते आता सोडा म्हने. आता दाबाले मानूस कोन देते, म्हून जिनिंगातून रुईचं, सरकी काढलेल्या कापसाचं, गाठोडं आनलं. दाबलं का खाली, सोडलं का वर. डाक्टर म्हनले, गिरजाबाई, तुमचा हात बरोबर पडते. मले मोठी ऐट आली. पन त्या दिवसापासून जिवाले घोरई लागला. वार्डात शिरली का पहिले सगळ्याइच्या छात्या पाहो, हालून राहिल्या का नाई. झोपलेल्या बाया उगाच हालवून उठवो, शिव्या खाओ.

अन् मंग सुमन आली. पाटलाची सून, कोवयी पोर, घरी लहान लेक. मांडीचं गळू कापलं, गुंगीचं औषध देल्लं होतं, दुपारी खाटेवर आनून टाकली. डाक्टर अन् सिस्टर दुसऱ्या आपरेशनात. उशाशी सासू. मी पाहाले गेली तं ओठ निये. छाती हालत नाई. नाडी पाहतो तं नाई, गयाशी पाहतो तं नाई. वार्डबॉयले पयवलं डाक्टराकडे अन् मी दाबाले लागली. मंग श्वास द्याची पाळी आली अन् मी थबकली. मी बौद्धाची, हे पाटलाचं घर, अन् सासू समोर उभी. सासूनं माह्याकडे पायलं अन् म्हनली, लाव वं माय तोंड, पाहून काय राहिली, लाव.

लावलं मी. दोन श्वास देल्ले. सासूनं पदर तोंडात धरला, डोये मिटले ते डाक्टर आल्यावरच उघडले. मी पुन्हा दाबलं, जोरानं, अन् हाताखाली कट् झालं. हाड मोडलं हो. रुई कवा मोडली होती? मले वाटलं मीच मारली हिले. मी हात काढून घेतला. डाक्टर येस्तोवर तशीच उभी, हात आपल्याच छातीशी धरून. किती वेळ ते मले आजई सांगता येत नाई. मंग डाक्टरनं दाबलं, घामानं निथळले, पन नाई आली पोर.

मी डाक्टराले म्हनलं, माह्या हातानं बरगडी मोडली. ते म्हनले, मोडते बाई, तरी दाबत राहाचं, हाड मागून जुयते. हे तुमाले सांगाचं माह्याकडूनच राहिलं. अन् खाली मान घातली. मी इचारलं, दाबत राहिली असती तं जगली असती का. ते म्हनले, सांगता येत नाई. नसती जगली म्हनले असते तं सुटली असती मी.

आता नव्या पोरी आल्या का मीच शिकवतो. गाठोड्याच्या खाली वायल्या तुऱ्हाट्या, तुरीच्या काड्या, घालतो. पोरगी दाबते, तुऱ्हाटी मोडते, पोरगी दचकून हात काढते. मी तिचे हात धरून पुन्हा तथीच ठेवतो. चार-चार दिवस तेच. सिस्टर म्हने गिरजाबाई, येड लागलं का तुमाले. लागू द्या. माह्या पोरींनं हात नाई काढला पाहिजे.

सुमनची सासू अमरावतीले आली का मले भेटल्याबिगर जात नाई. मांगच्या आठवड्यात सुमनच्या लेकीले घेऊन आली, सहा वर्साची झाली आता. तिले म्हनली, पाया पड बाईच्या, तुही माय जाऊ नये म्हून या बाईनं जीव तोडला. पोरगी पाया पडली. मी हात काढला होता ते सांगाले तोंड उघडलं, खरं सांगतो, उघडलं होतं. तं सासू म्हने, तुमी शेवटपर्यंत तिले धरून होत्या, तेवढ्यावर मले झोप लागते. मंग कशी सांगू? मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला अन् म्हनलं, सुखी राह्य बाई.