पावत्यांचा गठ्ठा

दुरुस्ती केंद्राच्या बाकावर शिंपीणबाई बिघडलेली इस्त्री मांडीवर घेऊन बसल्या होत्या. खिडकीपाशी एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची लेक आतल्या कारकुनाशी बोलत उभे होते. त्यांचं बोलणं नको म्हटलं तरी कानावर पडत होतं.

"काका, ऑक्सिजनचं मशीन वॉरंटीत असेल तर आत्ता बदलून देतो. पावती दाखवा."

"ही घ्या. तीस वर्षांत आमच्या घरातली एक पावती हरवलेली नाही."

"अहो, हा तर नुसता काळा कागद आहे."

"नीट बघा. कालच लॅमिनेट करून आणलीय."

"बाबा! लॅमिनेट कशाला केलीत?"

"अक्षरं पुसट व्हायला लागली होती गं. म्हटलं, कायमची टिकेल."

"हा कागद तापला की काळा पडतो, काका. तुम्ही बघितलं नाहीत?"

"लॅमिनेशनवाल्याने गठ्ठा बांधूनच दिला. सगळ्याच करून घेतल्या मी."

"दुकानातून दुसरी आणा मग."

"ते दुकान केव्हाच बंद पडलं."

"मग नवीन मशीन घ्यावं लागेल."

"तेवढे पैसे असते, तर पावत्या कशाला जपल्या असत्या साहेब?"

"बाबा, सिलिंडर संध्याकाळपर्यंतच पुरेल."

"माहितेय मला."

"आईचा फोन आलाय. बोलताना धाप लागतेय, तरी विचारतेय, पावती सापडली का म्हणून."

"सापडली म्हणावं. जागच्या जागी होती."