न बसलेल्या रिंगा

धाकटा – गळती नाही, पाण्यात तेल नाही. मग तेल गेलं कुठे? भुतानं प्यायलं?

मिस्त्री – एवढं महाग तेल भुतांना परवडत नाही, धाकटेराव. इंजिननं जाळलं. निळा धूर तुम्हीही पाहिलात.

धाकटा – इंजिन बांधलंत तुम्ही. परवा संध्याकाळी या ट्रकवर माझं पहिलं भाडं आहे. त्याच्या भरवशावर गोदामातली रात्रपाळी सोडली. वाटेत इंजिन बसलं, तर मी आणि वहिनी, दोघंही रस्त्यावर येऊ.

मिस्त्री – म्हणूनच आधी माझ्याच हातांवर संशय घेतला. पिस्टनची रिंग उलटी पडली असेल, व्हॉल्वचं सील फाटलं असेल. हेड उतरवून पाहिलं. या, वाका. टॉर्च मारतो. लायनरमध्ये, पिस्टनच्या नळकांड्यात, काय दिसतं?

धाकटा – चकचकीत आहे. माझाच चेहरा दिसतोय.

मिस्त्री – तोच रोग. आतल्या भिंतीवर मी बारीक तिरप्या रेघा ओढून दिल्या होत्या, रिंगा घासून बसाव्यात म्हणून. त्यांच्यावर जळक्या तेलाची काच चढली आहे. नव्या इंजिनाला ओझं लागतं. ओझ्याखालीच रिंगांची आणि भिंतीची ओळख होते. हे इंजिन मात्र उभ्या जागी, मंद, तासन्‌तास चाललेलं आहे.

धाकटा – शक्यच नाही. बांधून नेल्यापासून ट्रक परसात उभा आहे. अधूनमधून मोकळी फेरी मारतो, तेवढीच. किल्ली माझ्या गळ्यात असते, झोपेतसुद्धा.

मिस्त्री – माणूस नाकबूल करील, लायनर करत नाही.

धाकटा – वहिनी, तुम्ही दिवसभर घरात असता. दुपारी मी झोपलेला असताना परसात कोणी येतं का?

वहिनी – येतं.

धाकटा – कोण?

वहिनी – तुम्ही.

धाकटा – थट्टा नको.

वहिनी – भाऊजी, तुम्ही जेवून झोपता. गल्ली निपचित पडते. मग उठता. डोळे उघडे असतात, पण त्यांच्यात कोणी नसतं. अनवाणी परसात जाता, ट्रकमध्ये चढता, इंजिन सुरू करता. पहिल्या दिवशी मी तुम्हाला जागं करायला धावले. तुम्ही शेजारच्या सीटचं दार आतून उघडलंत आणि मला नावानं हाक मारलीत.

धाकटा – मी? तुम्हाला नावानं? या घरात तुम्हाला नावानं हाक मारणारा एकच...

वहिनी – म्हणून तर मी चढून बसले.

मिस्त्री – (टॉर्च विझवून) ताई, दादा याच ट्रकमध्ये गेले, तेव्हाही इंजिन असंच चालू राहिलं होतं ना?

वहिनी – हो. छातीत कळ आली तशी त्यांनी गाडी कडेला घेतली, अगदी नीट लावली. बंद करायला हात उरला नाही. तेल आटून जाम होईपर्यंत ते त्यांच्याजवळ धडधडत होतं.

धाकटा – आणि मी... तिथे बसून काय बोलतो?

वहिनी – एकच विचारता, घर किती लांब राहिलं? समोर आपल्याच स्वयंपाकघराची खिडकी असते. मी म्हणते, आलंच. मग तुम्ही एका गालानं हसता. ऊन कलल्यावर इंजिन बंद करता, येऊन झोपता.

धाकटा – तुमच्या नुसत्या एका धक्क्यानं मी जागा झालो असतो, वहिनी. उठवलं का नाहीत?

वहिनी – तुम्हाला उठवलं असतं, तर ते कुठे गेले असते?

मिस्त्री – हे बघा, माझ्या हातात लोखंड आहे, तेवढ्याचंच बोलतो. लायनर पुन्हा घासतो, नव्या रिंगा घालतो. परवा सकाळी गाडी न्या. पण अट एकच, मोकळी चालवायची नाही. सकाळीच माल भरा आणि संध्याकाळी सरळ घाट चढवा.

धाकटा – म्हणजे दुपारभर भरलेली गाडी परसात.

मिस्त्री – राहू दे की. तुम्ही तोवर झोप काढा. रात्रभर स्टिअरिंग धरायचंय.

धाकटा – झोप. वहिनी, मी परवाही तसाच उठलो तर?

वहिनी – मी शेजारी बसेन. भरलेली गाडी त्यांनी कधी फार वेळ उभी ठेवली नाही.